हवेचा विरोध नगण्य माना

दुसरी पाळी सुटते अकराला.
उद्यमनगरातनं सायकल मारत घरी पोचतो तोवर
तनुजा झोपलेली, वही उघडी,
पेन्सिल मधल्या पानात,
जसा लेथवर जॉब अर्धा ठेवून कुणी चहाला गेलंय.
हात धुतो. कूलंटचा वास जात नाही.
तांब्यानं पान दाबून
जेवता जेवता वाचतो.

नदीचा वेग तीन, पोहणाऱ्याचा पाच.
समोरच्या काठाला नेमकं समोर लागायचं
तर तोंड कुठं करावं?

हे काय मला शिकवायला नको.
घाटावरनं निघताना नजर ठेवायची
वरल्या अंगाच्या करंजावर,
अंग आपोआप समोर लागतं.
पण करंज किती अंशावर होता
हे बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा काढलं.
सदतीस.
पुस्तकाच्या पाठीमागं: एकशे सत्तावीस.
खोडलं. पुन्हा केलं. सदतीस.
रबरानं कागद फाटायला आला.

सकाळी वेणी घालता घालता पोरगी म्हणाली,
"पप्पा, दोन्ही बरोबर.
तुम्ही समोरच्या रेघेपासनं मोजलंय,
पुस्तक प्रवाहापासनं मोजतंय.
कुठनं मोजलं तेवढं लिहीत जावा."

चौदावं गणित दुसऱ्या रात्री.
एकाच कड्यावरून, एकाच क्षणी, दोन चेंडू फेकले,
वेग निराळे, कोन निराळे.
हवेचा विरोध नगण्य माना.
एका चेंडूवरून दुसरा कसा दिसेल?
नऊ पूर्णांक आठ दोन्हीकडं मांडलं,
वजा केलं,
आणि पृथ्वीच गेली गणितातनं.
उरली एक सरळ रेघ.
पडणाऱ्याला पडणारा
पडताना दिसत नाही.

भाकरी हातातच राहिली.

जुना पूल. मी न् शकील मुजावर,
नववी नापास दोघंही,
कठड्यावरनं एकदमच.
खाली बघितलंच नाही.
मी त्याच्याकडं बघत होतो, तो माझ्याकडं,
आणि तो हलत नव्हता.
पुढचा तुटका दात, कपाळाला चिकटलेले केस,
सगळं जागच्या जागी.
पूल तेवढा वर चालला होता,
पुलावरची माणसं, एक म्हैस,
उसाची गाडी, तिच्यावर बसलेला पोरगा,
अख्खं कोल्हापूर वर.

त्याच्याच खाली पंधरावं:
दुसरा चेंडू अर्धा सेकंद उशिरा सोडला तर?
तर दोघांतलं अंतर वाढत राहतं,
सेकंदाला चार पूर्णांक नऊ मीटर,
जास्त नाही, कमी नाही.
शकील पुढं शारजाला गेला, एसीच्या कामावर.
माझा पासपोर्ट दोन महिने उशिरा आला.
असो. याला मार्क नाहीत.

मग पूल मोजायचं सुचलं.
उडी मारताना आम्ही आकडे म्हणायचो,
"एक हजार एक, एक हजार..."
की पाणी तोंडात.
म्हणजे दीड सेकंदाच्या आतच. एक पूर्णांक चार धरू.
त्याचा वर्ग, गुणिले चार पूर्णांक नऊ.
नऊ मीटर साठ.
एकतीस फूट.
खडू असता तर खाली टाकला असता, पेन्सिल ठेवली.
लग्नात, तालमीत, पोरीला झोपवताना,
सगळीकडं आम्ही पन्नास सांगत आलोय.

शुक्रवारी त्याला फोन लावला.
"एकतीस?" पलीकडं नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला, "भावा, हवा धरलीस का?"
"न्हाई. नगण्य मानायची असती."
"ते पुस्तकवाल्याला काय म्हाईत?
हवेनं आपल्याला अडवलं होतं.
माझा शर्ट फुगून बगलेत आलेला, अजून आठवतंय.
हवा धर, पन्नासच भरंल."

हवा धरली
तर उंची आणखी कमी निघते.

मी म्हणालो, "थांब. धरतो."